बाकावरचा नातू आणि वहीतल्या रेघा

मुलाकडे वा मुलीकडे कॅनडात हिवाळा काढणाऱ्या आजी-आजोबांची शनिवार सकाळ पुष्कळदा बर्फाच्या मैदानाशेजारी जाते. नातवंड आइस हॉकी खेळत असते आणि आपण कानटोपी, शाल घालून, गार बाकावर घोंगडीची घडी टाकून बसलेलो असतो. टोरांटोजवळच्या एका शहरात मीही अशीच बसले होते. मुले बर्फावर उतरली की मी वहीत रेघ ओढी. सामना संपला तेव्हा काही मुलांच्या तेरा-चौदा रेघा झाल्या होत्या. माझ्या दहा वर्षांच्या नातवाच्या सहा. शेवटच्या सत्रात तर तो एकदाही उतरला नव्हता.

परतताना गाडीत मी म्हणाले, “तुमच्या प्रशिक्षकाला न्याय म्हणून काही ठाऊक आहे का?” नातू खिडकीबाहेर पाहत राहिला. रात्री निजताना म्हणाला, “आजी, पुढच्या शनिवारी तू घरीच थांब.” माझी तक्रार खोटी नव्हती, पण तिचा भार मी त्याच्याच खांद्यावर टाकला होता.

वाचकहो, ही विषमता कोठून येते ते आधी समजून घ्यावे. या खेळात एका वेळी गोलरक्षकासह सहाच खेळाडू बर्फावर असतात. दमछाक एवढी होते की मिनिटभरात तुकडी बदलावी लागते. बदल कितीही वेळा करता येतात, खेळ चालू असतानाही करता येतात. सर्वांना संधी देण्याच्या आड नियम येत नाहीत. ‘हॉकी कॅनडा’ या राष्ट्रीय संस्थेने २०१९-२० च्या हंगामापासून नऊ वर्षांखालील मुलांसाठी अर्ध्या मैदानावरील खेळ सक्तीचा केला. तेथे ६० किंवा ९० सेकंदांनी भोंगा वाजतो आणि तुकडी बदलते. पुढच्या वयोगटात मैदान पूर्ण होते, भोंगा जातो आणि निवड प्रशिक्षकाच्या हाती येते. सामना अटीतटीचा झाला की चपळ मुलांच्या पाळ्या वाढतात, उरलेल्यांच्या गळतात.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाकावर बसून ती होत नाही. शिवाय जो कमी खेळतो तो कमी शिकतो, आणि कमी शिकला म्हणून पुढे आणखी कमी खेळतो. तेथील वयोगट जन्मवर्षावरून ठरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असूनही दोघे एकाच गटात येतात. ज्याला आपण उपजत गुण समजतो, तो कित्येकदा निव्वळ काही महिन्यांचा फरक असतो. माझा नातू नोव्हेंबरातला आहे.

मग आपण काय करावे? सामन्यानंतर गाडीत निवाडा करू नये. भूक लागली का, एवढे विचारणे पुरे. पाळ्या मोजायच्याच असतील तर मुलाच्या नकळत मोजाव्यात, आणि एका नव्हे, तीन-चार सामन्यांच्या. प्रशिक्षकांशी आई-वडिलांनी बोलावे, आजी-आजोबांनी नव्हे. सामना संपल्यावर चोवीस तास उलटल्याखेरीज तक्रार करायची नाही, असा तेथील अनेक क्लबांचा संकेत आहे. तो शहाणपणाचा आहे. “माझ्या मुलावर अन्याय का?” असे न विचारता “शेवटच्या सत्रात तुकड्यांचा क्रम कसा ठरतो?” असे विचारावे. हंगामाच्या आरंभीच हे विचारून ठेवले तर उत्तम. सरावाला दांडी मारल्यामुळे पाळी कमी मिळाली असेल, तर तो अन्याय नव्हे. तेही मुलाला समजू द्यावे. मात्र सामन्याच्या दिवशी वारंवार पोट दुखत असेल, आदल्या रात्री झोप लागत नसेल, तर त्याकडे नखरे म्हणून पाहू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला बोलते करावे आणि आई-वडिलांच्या कानावर घालावे.

माझा मुलगा प्रशिक्षकांना शांतपणे भेटला. शेवटच्या सत्रातही ठरलेल्या क्रमानेच तुकड्या उतरवण्याचे त्यांनी मान्य केले. दोन सामने ते पाळले. तिसऱ्यात विसरले, तेव्हा मुलाने पुन्हा आठवण दिली. त्यानंतरच्या शुक्रवारी मी नातवाला विचारले, “उद्या येऊ का रे?”

क्षणभर विचार करून तो म्हणाला, “ये. पण वही आणू नकोस.”