नळाच्या तोंडाला फेसाचा बोळा
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या अंकात खोडव्याच्या खतमात्रेवर लिहायचे ठरले होते. ते आता पुढच्या अंकी. मध्यंतरी एका उपसा योजनेच्या बैठकीत एका सभासदांनी मला उभे राहून विचारले, "साहेब, मुंबईत गॅसचा नळ दुरुस्त करायचा म्हणजे सगळी मुंबई चूल बंद ठेवून बसते का? मग आमचं पाणी एका सांध्यापायी चार-चार दिवस का बंद?" प्रश्न रास्त आहे. मी कृषी पदविकेचा माणूस, यंत्रखात्याचा नव्हे. तरीपण आपल्या इंजिनिअर साहेबांना विचारून, थोडे वाचून आणि थोडे डोळ्यांनी पाहून जे समजले ते मांडतो.

पाहिले ते प्रभादेवीला. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतला एखादा चुलता किंवा मेहुणा तिकडे गिरणीत होता, तसे माझेही नातलग तिथे चाळीत आहेत. जुनी मंडळी ज्याला अजून एल्फिन्स्टन रोड म्हणतात त्या स्टेशनाला २०१८ पासून प्रभादेवी हेच नाव आहे. त्यांच्या गल्लीत रस्ता उकरलेला होता आणि खड्ड्यात गॅसचा पिवळा प्लॅस्टिकचा नळ उघडा पडला होता. कारागिरांनी नळाच्या दोन्ही अंगांना एकेक शिकंजा लावला आणि स्क्रू आवळून नळ सरळ चेपून टाकला. रसवंतीत उसाचे कांडे चेपते तसा. मधला तुकडा कापला, नवा जोडला, शिकंजे सोडले, आणि चेपलेला नळ पुन्हा गोल करून घेतला. तेवढ्या टापूतल्या चुली काही वेळ बंद राहिल्या, पलीकडची गल्ली चालू होती.

पण हे जमते ते प्लॅस्टिकच्या नळाला. लोखंड चेपता येत नाही. मुंबईत गॅसचे नळ काही आजचे नाहीत. १८६५ साली तिथल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. बॉम्बे गॅस कंपनी दगडी कोळशापासून गॅस काढायची आणि लालबागेत गॅस कंपनी लेन हे नाव अजून आहे. अशा जुन्या बिडाच्या नळांवर जगभर एक युक्ती चाले. नळाला छोटे भोक पाडायचे, त्यातून रबरी फुगा आत सारायचा आणि बाहेरून हवा भरून तो फुगवायचा. गॅसचा दाब चार-सहा इंच पाणी उचलेल एवढाच असे, म्हणून फुगा टिकायचा. काम झाले की हवा सोडून त्याच भोकातून ओढून घ्यायचा आणि भोकाला बूच मारायचे.

या युक्तीतली खरी गोम अशी की आत घातलेली वस्तू कामापुरती टिकली पाहिजे आणि काम झाल्यावर बाहेरही आली पाहिजे. दुसरी गोष्ट लोक विसरतात. मीसुद्धा विसरलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका उपसा योजनेवर सांध्याला वेल्डिंग करायचे होते आणि वरून पाण्याची धार थांबेना. मीच सांगितले, गोणपाट आणि शाडूचा बोळा घाला. धार थांबली, वेल्डिंग झाले, सगळे चहाला गेले आणि बोळा आत राहिला. पंप सुरू केल्यावर तो सरकत जाऊन वरच्या बाकात अडकला. शोधायला तीन दिवस, काढायला एक दिवस. लागणीच्या उसाचे पाणी तेवढे हुकले आणि मला महिनाभर त्या गावात मान वर करता आली नाही.

आता फेसाकडे येतो. पेट्रोल किंवा स्पिरिटचा नळ रिकामा केला तरी आत वाफ राहते. कापायला, वेल्डिंगला ठिणगी आली की ती वाफ पेटते. तिथे गोणपाट चालत नाही. फुगा घालायचा तर नळ आतून गोल आणि साफ हवा. वाकलेला, आत गंज चढलेला किंवा व्हॉल्व्हजवळचा नळ असला की फुग्याच्या कडेने फट राहते. फेस मात्र जसा आकार मिळेल तसा बसतो. छोट्या भोकातून आत सोडला की कानाकोपरा भरतो आणि वाफेला वाट ठेवत नाही. काम झाले की पुढच्या प्रवाहाने ढकलला जातो, फुटतो, आणि मागे उरते ते थोडेसे पाणी. फार हिशेब लागत नाही. सहा इंची नळात दोन मीटर लांब फेस भरायला सुमारे ३५ लिटर फेस हवा. द्रावण दहापट फुलणारे असेल तर ते साडेतीन लिटर पुरते.

पण कोणताही फेस चालत नाही. रिठ्याचा किंवा साबणाचा फेस बादलीत करून ठेवा, थोड्या वेळाने खाली पाणी आणि वर मोठमोठे पोकळ बुडबुडे दिसतील. बुडबुड्यांच्या मधले पाणी खाली निथळते, पडदा पातळ होतो आणि फुटतो. पाणी निथळू नये म्हणून त्यात चिकट द्रव्य घालतात. असा बांधलेला फेस तो स्थिर फेस. गुऱ्हाळावर काहिलीत भेंडीचा चीक घालतात तेव्हा मळी कशी एकसंध धरून वर येते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना चीक काय करतो हे वेगळे सांगायला नको. आग विझवण्याचा एक जुना फेस तर जनावरांची शिंगे आणि खूर शिजवून काढलेल्या प्रथिनापासून करतात आणि तो घट्ट राहावा म्हणून त्यात लोहाचे क्षार घालतात. शिंगाचा असाही उपयोग होतो हे वाचून मला मौज वाटली.

आता फेसाने काय होत नाही तेही ऐका. फेस दाब धरत नाही. नळात दाब असेल, आतून धार चालू असेल, तर तो सरळ वाहून जातो. म्हणून आधी व्हॉल्व्ह बंद, दाब शून्य, नळ रिकामा, आणि जोड उघडून मध्ये भक्कम लोखंडी चकती. फेस ही त्यानंतरची जादा राखण आहे, चकतीच्या ऐवजी नव्हे. शिवाय तो काही तासांचा पाहुणा. काम लांबले तर वाफ मोजायचे यंत्र पुन्हा लावून पाहावे लागते. नाकाने वास घेऊन ठरवणाऱ्याला खड्ड्याबाहेर काढावे.

हे सगळे आपल्या दारात आले आहे, म्हणून इतके लिहितो. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. त्यात आपल्यासारख्या कारखान्यांचा ऊस आहे. म्हणजे साखर कारखान्यांच्या आवारांत आता रसाच्या आणि मळीच्या नळांबरोबर स्पिरिटचे नळही आले. शुद्ध इथेनॉलची वाफ साधारण १३ ते १७ अंश उष्णतेलाच पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे हिवाळ्यातल्या दुपारीही त्याहून जास्त ऊन असते. हवेत ही वाफ साधारण ३ ते १९ टक्के असली की ठिणगीची खोटी. ती हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात, गटारात साठून राहते.

आणि इथेच साधा फेस दगा देतो. स्पिरिट पाण्यात मिसळते. ते फेसाच्या पडद्यातले पाणी ओढून घेते आणि पाहता पाहता फेस विरून जातो. पेट्रोलवर टिकणारा फेस इथेनॉलवर टिकेलच असे धरून चालू नये. त्यासाठी स्पिरिटला तोंड देणारा वेगळा फेस मिळतो. त्यात गोंदासारखे द्रव्य असते, ते स्पिरिटला लागताच सायीसारखा थर धरते आणि वरचा फेस वाचतो. ज्यांची मुले डिस्टिलरीत कामाला आहेत त्यांनी घरी एकदा विचारावे, आगीच्या गाडीतला फेस यांपैकी कोणता आहे? पिंपावर लिहिलेले असते. विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

राहिला सभासदांचा मूळ प्रश्न. उपशाच्या नळाला फेस उपयोगाचा नाही, कारण तिथे वाफ नाही, पाणी आहे आणि ते वरून खाली रेटते. बारा इंची नळात सांध्याच्या वर दहा मीटर उंचीइतके पाणी उभे असेल तर बोळ्यावर सुमारे सात क्विंटलांचा रेटा येतो. गोणपाट सोडा, चांगला रबरी फुगाही तो झेलेल याची खात्री बाळगू नये, आणि त्याच्यासमोर माणूस तर अजिबात उभा करू नये. म्हणून आधी नळ रिकामाच करावा लागतो. चार दिवसांतले बहुतेक तास यातच जातात, कारण लांब चढाच्या नळांवर मध्ये पाणी काढायचे व्हॉल्व्ह बसवलेलेच नाहीत किंवा असतील ते गंजून बसले आहेत. ते व्हॉल्व्ह असले तर तेवढाच टप्पा रिकामा होईल, उरलेली झिरप थांबवायला साखळी बांधलेला रबरी फुगा पुरेल, आणि चाराचा एक-दीड दिवस होऊ शकेल. खर्च आहे. तो वार्षिक सभेपुढे ठेवावा.

तोवर प्रत्येक योजनेच्या पंपघरातल्या वहीत दोन रकाने वाढवा. पहिल्यात बोळा कुणी घातला, किती वाजता. दुसऱ्यात बोळा कुणी काढला, किती वाजता. दुसरा रकाना कोरा असेल तर पंपाचे बटण दाबायचे नाही, मग सांगणारा ऊस विकास अधिकारी असला तरी.