अ‍ॅमस्टरडॅमचा लोहार आणि आजची दुर्बीण

लघवीची तक्रार आपल्याकडची वडीलधारी मंडळी चटकन बोलून दाखवत नाहीत. रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, धार बारीक होते, कुंथावे लागते, तरी "वय झाले" म्हणून गप्प बसतात. ऑपरेशनची भीती हे त्यातले मोठे कारण.

ही भीती एके काळी रास्तच होती. हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम शहरात यान द डोट नावाचा लोहार होता. मूतखड्यासाठी त्याने दोनदा चिरफाड सोसली होती. तिसऱ्यांदा मात्र त्याचा वैद्यांवरचा विश्वासच उडाला. १६५१ च्या एप्रिलमध्ये बायकोला मासळी बाजारात पाठवून, भावाला मदतीला घेऊन, स्वतः तयार केलेल्या सुरीने त्याने आपल्याच हाताने खडा कापून काढला! कोंबडीच्या अंड्याएवढा, चार औंस वजनाचा. तो वाचला, हे नवलच. डॉ. निकोलास टुल्प यांनी ही हकिकत लिहून ठेवली. एका हातात सुरी, दुसऱ्यात खडा, असे त्याचे १६५५ सालचे चित्रही आहे.

आज त्याच मूत्राशयातील खड्यासाठी बहुधा बाहेरून चीरही द्यावी लागत नाही. लघवीच्या मार्गानेच बारीक दुर्बीण आत जाते. लेझरने खडा फोडून तुकडे बाहेर काढतात. वाढलेल्या प्रोस्टेटचा अडथळाही त्याच वाटेने खरवडून काढतात. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. उतारवयात पुरुषांना मूत्राशयात खडा होण्याचे मूळ बहुधा प्रोस्टेटच असते, म्हणून नुसता खडा काढून भागत नाही. मूत्रपिंडातील मोठ्या खड्यासाठी पाठीत लहानसे छिद्र पाडतात. मूत्रपिंडच काढायचे असेल, तर पोटात वायू भरून तीन-चार छिद्रांतून काम होते. त्यासाठी पूर्ण भूल लागते.

म्हणजे त्रास अजिबात नाही, असे नव्हे. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवस, कधी जास्तही, नळी राहते. काही आठवडे लघवी अधूनमधून लालसर होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, पण स्वतःच्या मनाने ती बंद करू नये.

दोन गोष्टींत मात्र थांबू नका, स्त्रियांनीसुद्धा. लघवीतून रक्त गेले, एकदाच आणि न दुखता गेले, तरी तपासून घ्या. ते कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. आणि लघवी पूर्ण तुंबली, तर सकाळची वाट न पाहता मुलाला उठवा आणि त्याच रात्री इस्पितळ गाठा.