ओल बुटाने अडवावी, ऊब मोज्याने द्यावी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, मोटारसायकलवरून लेह-लडाखला जाण्याचे वेड आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. सातारा, नाशिक, लातूर, चंद्रपूर, कुठल्याही गावातून दरवर्षी चार-दोन गाड्या निघतातच. निघण्यापूर्वी गाडीची तयारी अगदी कसून होते. ऑइल बदलले जाते, ब्रेक लायनर नवे बसतात, क्लचची वायर जादा घेतली जाते. हेल्मेट आणि जर्किन यांवरही सढळ हाताने खर्च होतो. बूट मात्र यादीत शेवटी येतात आणि उरलेल्या पैशांत बसतील ते घेतले जातात. माझेही तसेच झाले होते. ती हकीगत आधी सांगतो, म्हणजे पुढचे सांगणे सोपे जाईल.

२०१४ सालचा ऑगस्ट महिना. आम्ही मनालीहून लेहला निघालो होतो. अटल बोगदा २०२० साली सुरू झाला. त्याआधी रोहतांग चढूनच लाहौलमध्ये उतरावे लागे. दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाचा खिंड ओलांडून आम्ही सरचूकडे उतरत होतो. ही खिंड सुमारे ४,८९० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट. वाटेत एक नाला रस्त्यावरूनच वाहत होता. पाणी घोट्याच्या वर. मिनिटभरात पार झालो, पण दोन्ही बूट भरले. दुकानदाराने ‘साहेब, एकदम वॉटरप्रूफ’ म्हणून दिलेले बूट ते! थांबून मोजे बदलावेत, तर जादा मोजे बॅगेच्या तळाशी आणि बॅग दोरीने आवळून बांधलेली. म्हटले, सरचू आता किती लांब, तिथेच बदलू.

अर्ध्या तासात बोटांना मुंग्या आल्या, मग बोटे दुखायला लागली आणि मग दुखायचीही थांबली. मला वाटले, बरे झाले, पाय सरावला. खरे तर तो बधिर झाला होता. एका उतरत्या वळणावर मी मागचा ब्रेक दाबला. दाबला, असे मला वाटले. प्रत्यक्षात माझा पाय पेडलच्या शेजारी, फूटरेस्टवरच जोर लावत होता. गाडी सरळ खडीच्या ढिगात शिरली. रस्त्याच्या मजुरांनी तो ढीग तिथे रचून ठेवला नसता, तर त्याच्या पलीकडे दरीच होती.

म्हणून सांगतो, पायाची ऊब ही चैन नव्हे. उजव्या पायाशी ब्रेक आहे आणि डाव्या पायाशी गिअर. ज्या पायाला पेडल कळत नाही, तो पाय असून नसल्यासारखा.

आता पाय एवढा गारठतो का, ते पाहू. चालणाऱ्या माणसाचा पाय हलत असतो, रक्त खेळते राहते. मोटारसायकलवर मात्र पाय तासन्‌तास एकाच जागी असतो आणि समोरून वारा. हवेचे तापमान ५ अंश सेल्सिअस असेल आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा लागत असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २ अंशांसारखे वाटते. त्यात, दर हजार मीटर चढाईला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. थंडी वाजू लागली की शरीर छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. त्यामुळे पायाची बोटे सर्वांत आधी गारठतात.

आणि मग येते ओल. स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून नेते. म्हणजे ओला मोजा पायाची ऊब राखत तर नाहीच, उलट ती बाहेर ओढून काढतो. पहिल्या महायुद्धात युरोपातल्या चिखलाने भरलेल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय याच कारणाने सडले. त्या दुखण्याला ‘ट्रेंच फूट’ असे नाव पडले. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. तापमान शून्याच्या बरेच वर असले, तरी पाय दीर्घकाळ ओला आणि गार राहिला की पुरे. तेव्हा बूट निवडताना पहिला प्रश्न ‘उबदार आहे का’ हा नसून ‘कोरडा ठेवेल का’ हा आहे.

दुकानात ‘वॉटरप्रूफ’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. पहिली वस्तू म्हणजे मेण किंवा पॉलिश मुरवलेल्या चामड्याचा बूट. भुरभुर पावसात तो टिकतो, पण तासभर मुसळधार पाऊस लागला की शिवणीतून पाणी आत येते. दुसरी वस्तू म्हणजे गमबूट. त्यातून पाण्याचा थेंब आत जात नाही, पण घामाचा थेंबही बाहेर पडत नाही; शिवाय गाडी पडली तर घोट्याला आधार शून्य. तिसरी वस्तू म्हणजे चामडे आणि अस्तर यांच्यामध्ये सूक्ष्म छिद्रांचा पातळ पापुद्रा बसवलेला बूट. याला मेम्ब्रेन म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक झटक्याने ताणून असा पापुद्रा तयार केला आणि त्यातून ‘गोर-टेक्स’ जन्माला आले. आज इतरही अनेकांचे पापुद्रे मिळतात. त्यांची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या कणापेक्षा मोठी असतात. म्हणून बाहेरचे पाणी बाहेर राहते आणि घामाची वाफ निघून जाते.

या पापुद्र्याच्याही मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. बाहेरचे चामडे पाणी पिऊन जड झाले की वाफेची वाट बंद होते. म्हणून वरच्या चामड्याला मधूनमधून पाणी झटकणारे मलम लावावे लागते. शिवाय, चेनच्या मागे जो सलग पडदा शिवलेला असतो, त्याच्या उंचीपर्यंतच बूट पाणी अडवतो. तेव्हा घेताना चेन उघडून तो पडदा कुठवर आला आहे, हे बोटाने चाचपून पाहावे.

आता उबेकडे वळू. बाजारात आतून जाड उबदार अस्तर लावलेले बूट मिळतात. जर्मनीत किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी शरद ऋतूतल्या गार सकाळी फिरण्यासाठी ते जरूर घ्यावेत. पण साताऱ्याहून किंवा पुण्याहून निघणाऱ्याचे काय? मनाली इथून दोन हजार किलोमीटरच्या आसपास. वाटेत जूनच्या उन्हात भाजणारा राजस्थान आणि हरियाणा. तिथे अस्तरवाल्या बुटात पाय शिजतो, मोजे घामाने भिजतात आणि तोच दमट बूट घालून आपण पहाड चढतो. म्हणजे बाहेरचे पाणी अडवण्याची एवढी खटपट करून आपणच आतून ओल तयार केली! म्हणून माझा सल्ला असा: ओल बुटाने अडवावी, ऊब मोज्याने द्यावी. बूट मेम्ब्रेनचा, पण जाड अस्तर नसलेला घ्या. मैदानात पातळ मोजा घाला आणि थंडी लागली की लोकरीचा जाड मोजा चढवा. मोजा बदलता येतो, अस्तर बदलता येत नाही.

मोजा सुती नको. सूत घाम पिऊन बसते आणि गार पडते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. मात्र उबेच्या हौसेने दोन-दोन जाड मोजे कोंबू नयेत. बूट घट्ट झाला की रक्त अडते आणि मोजामध्ये साठलेली हवा, जी खरी ऊब राखते, तीही दबून जाते. घट्ट बुटातला पाय ढिल्या बुटातल्या पायाआधी गारठतो.

म्हणून माप घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. जाड मोजा बरोबर न्यावा आणि तो घालूनच बूट पाहावा. टाच उचलून धरली तर ती बुटात वरखाली होता कामा नये. पुढे मात्र सगळी बोटे मोकळेपणाने हलली पाहिजेत. बाहेरून मागवत असाल, तर कागदावर उभे राहून पावलाची बाह्यरेषा काढा आणि लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा. युरोपीय आणि ब्रिटिश मापांच्या आकड्यांत गोंधळ होतो. आपल्याकडचा ८ नंबर युरोपात साधारण ४२ असतो. त्यानंतर स्वतःच्या गाडीवर बसून पाहावे. गिअरच्या दांड्याखाली बुटाचे टोक सहज जाते का? ब्रेक दाबताना तळ इतका जाड तर नाही ना, की पेडल कळतच नाही? नाडीचे बूट शक्यतो टाळावेत. सुटलेली नाडी फूटरेस्टला किंवा गिअरला अडकली, तर सिग्नलला पाय टेकता येत नाही आणि माणूस उभ्याउभ्या आडवा होतो.

बुटाची उंची निदान नडगीच्या मध्यापर्यंत असावी. घोट्याच्या दोन्ही बाजूंना आतून कठीण वाटी आहे का, ते दाबून पाहावे. दोन्ही हातांनी बूट धरून तळ पिळून पाहावा. तो फडक्यासारखा पिळला गेला, तर गाडीखाली सापडल्यावर पाऊलही तसेच पिळले जाईल. युरोपात मोटारसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे मानक आहे. २०१७ च्या आवृत्तीनुसार बुटावर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र आणि त्याखाली चार आकडे असतात. बुटाची उंची, घासण्याला टिकाव, कापण्याला टिकाव आणि तळाचा आडवा कणखरपणा, या क्रमाने. प्रत्येक आकडा १ किंवा २ असतो. २ म्हणजे अधिक चांगला. शेजारी ‘डब्ल्यूआर’ ही अक्षरे असतील, तर पाणी आत न येण्याची चाचणी त्या बुटाने पार केली आहे. दुकानदाराच्या तोंडच्या ‘एकदम वॉटरप्रूफ’पेक्षा ही दोन अक्षरे अधिक भरवशाची.

तरीही एक चाचणी घरी करावीच. बदलून मिळेल का, हे आधी विचारून ठेवा. मग टबात नडगीच्या खालपर्यंत पाणी घ्या, बूट घालून त्यात उभे राहा आणि पंधरा मिनिटे जागच्या जागी पावले टाका. चवड्याजवळ बूट वाकतो, तिथेच बहुतेक वेळा गळती असते. नंतर मोजा काढून वर्तमानपत्रावर दाबा. कागदावर डाग उमटला, तर तो निघण्याच्या महिनाभर आधी घरी उमटलेला बरा, बारालाचाच्या उतारावर नको.

सगळ्यांनाच महागडे बूट परवडत नाहीत, हे मी जाणतो. घोट्याला आधार देणारा साधा मजबूत चामडी बूट असेल, तर पावसात मोज्यावर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर बूट, एवढ्यानेही दोन-तीन तास निभतात. घामाने आत दमट होते, पण गार पाण्यापेक्षा ते बरे. पावसाळी पँट नेहमी बुटाच्या बाहेरून सोडावी. आत खोचली, तर ती पन्हाळीसारखे सगळे पाणी बुटात ओतते. नाले शक्य तो सकाळी ओलांडावेत. दिवसा ऊन चढले की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी पाणी वाढते.

बूट भिजलाच, तर रात्री त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा आणि ते दोनदा बदला. शेगडीजवळ ठेवू नका. चामडे तडकते आणि डिंक सुटतो. बधिर झालेला पायही शेगडीला लावू नका, कारण भाजले तरी कळत नाही. कोरडा करून, लोकरीत गुंडाळून, हळूहळू ऊब येऊ द्या. घरी परतल्यावर आपल्या कोकणा-मुंबईच्या दमट हवेत बूट वर्षानुवर्षे खोक्यात बंद ठेवू नयेत. पॉलियुरेथेनचे तळ दमट हवेत आतून कुजतात आणि पुढच्या सहलीत अचानक भुगा होऊन गळून पडतात.

त्या ढिगातून गाडी बाहेर काढल्यावर एका मजुराने मला त्याच्या तंबूत बसवले आणि स्वतःचे कोरडे लोकरी मोजे दिले. पैसे घ्यायला तो तयार होईना. तासाभराने बोटांत कळा सुरू झाल्या, तेव्हा इतके बरे वाटले की काय सांगू! तेव्हापासून माझे जादा मोजे बॅगेच्या तळाशी नसतात. ते जर्किनच्या खिशात, हाताशी असतात.