तांबडी माती

उचगावाहून कोल्हापूर जवळच. तिथल्या कुस्त्या तुम्ही पाहिल्या असतील. हलगी कडाडते, लोक फेटे उडवतात. पण गडी ज्या मातीत लढतो, ती माती कशी तयार होते, ठाऊक आहे का?

ती शेतातली ढेकळांची माती नव्हे. तांबडी माती आणून बारीक चाळतात. खडा राहिला तर गड्याचे अंग सोलते. मग तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालतात. त्याने माती मऊ राहते. तालमीतली पोरे खोऱ्याने ती रोज उकरतात. तोही व्यायामच की!

आखाड्यात उतरताना गडी मातीला हात लावून कपाळाला लावतो. वस्तादांच्या पाया पडतो. घामाने हात निसटू नये म्हणून अंगाला माती लावतात. सलामी होते, अन् झोंबाझोंबी सुरू. पाठ मातीला लागून दोन्ही खांदे टेकले, की कुस्ती चितपट!

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला. त्यांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. हौदा मधोमध, अन् भोवती चढत जाणारी बसायची जागा. म्हणून मागच्या माणसालाही कुस्ती दिसते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीत घडले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी काढली होती. ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवर होते. तिथे वेळ थोडा, आणि गुण मोजतात. नुसत्या मातीत शिकलेला गडी तिथे गोंधळतो. म्हणून आता कितीतरी तालमींत मातीशेजारी गादीही आली आहे.

दूर युरोपात आल्प्स नावाचे डोंगर आहेत. तिथल्या स्वित्झर्लंड देशातले गुराखी लाकडाच्या भुशात कुस्ती खेळत आले. कपड्यांवर जाड कापडाची आखूड चड्डी घालायची, आणि ती धरूनच दुसऱ्याला पाडायचे. सर्वांत मोठ्या मैदानात पहिल्या गड्याला इनाम म्हणून चक्क वळू देतात. जिंकलेला गडी हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा स्वतःच्या हाताने झाडतो.

आपल्याकडेही चांगला गडी हरलेल्याला हात देऊन उठवतो. पुढच्या जत्रेला पोराला खांद्यावर घेऊन न्याल, तेव्हा कोणाची पाठ टेकली ते त्याला दाखवा. हात कोणी दिला, तेही दाखवा.