सोडचिठ्ठी आणि सूटपत्र

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला मी काही वर्षे शिक्षक होतो. एका हिरड्याच्या हंगामात गावातली एक महादेव कोळी बाई शाळेत आली. नवऱ्याने दुसरी बायको केली होती आणि ही दोन लेकरे घेऊन आईच्या घरी राहत होती. निराधार योजनेचा अर्ज घेऊन ती एका कचेरीत गेली, तेव्हा तिथल्या कारकुनाने विचारले, सोडल्याचा कागद कुठे आहे? कागद नव्हता. ती मला म्हणाली, "गुरुजी, त्यानं तर मला सोडली. पण मी सुटली का?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. सोडणे आणि सुटणे यांत केवढे अंतर आहे, हे पुढे हळूहळू कळत गेले.

जुन्नर-आंबेगावच्या आदिवासींना आणि बहुजन जातींना घटस्फोट नवा नाही. पंचांसमोर काडी मोडायची, की संबंध तुटला, म्हणून 'काडीमोड'. लिहून दिले तर सोडचिठ्ठी किंवा फारकत. मग बाईचा पाट लागायचा, कुठे त्याला मोहतूर म्हणत. पाट रात्रीचा लागे, सवाष्णी त्याच्याकडे फिरकत नसत. पेशवाईत सरकार पाटावर 'पाटदाम' नावाची पट्टीही घेत असे. आपल्यातल्या काही लेखकांना या चालींचे फार कौतुक आहे. वरच्या जातींनी विधवेचे केस काढून तिला कोपऱ्यात बसवले, आमची बाई मात्र मोकळी होती, असे ते लिहितात. हे अर्धेच खरे आहे. पंच सगळे पुरुष होते. त्यांनी मोकळी केली तरच ती मोकळी होती, आणि मोकळी झाल्यावरही 'पाटाची बायको' हा शब्द तिच्या मागे लागत होता.

इंग्रजी न्यायालयाने पंचांच्या या सत्तेला धक्का दिला. १८७६ साली संभू रघू याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले, की नवऱ्याची संमती नसताना जातीने बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी दिली तरी कायदा ती मानणार नाही. जातपंचायतीचे हात बांधले गेले याचे दुःख मला नाही. परंतु त्या जागी बाईसाठी दुसरे दार उघडले नाही. किल्ली पंचांच्या हातून नवऱ्याच्या हातात गेली, एवढेच झाले.

माझे एक सहकारी शिक्षक नगरकडचे ख्रिस्ती होते, पणजोबांच्या काळात महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. त्यांच्या घरच्या मराठी बायबलात मला 'सूटपत्र' हा शब्द भेटला. अनुवाद करणाऱ्याने 'सोड' न घेता 'सूट' घेतले, याचे मला नवल वाटले. अनुवाद या अध्यायांच्या पुस्तकात (योगायोगाने त्याचेही नाव 'अनुवाद' असेच आहे) चोविसाव्या अध्यायात तो नियम आहे. पुरुषाने बायकोला सोडायचे तर नुसते हाकलून चालणार नाही. पत्र लिहून तिच्या हातात द्यायचे, मगच घरातून पाठवायचे. ती दुसऱ्याशी लग्न करू शकते. तो दुसराही मेला किंवा त्यानेही सोडले, तर पहिल्याने तिला पुन्हा घ्यायचे नाही.

यहुदी शास्त्र्यांनी या चार ओळींवर एक पूर्ण प्रकरण रचले. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात ते 'गिट्टीन' या नावाने आहे. सूटपत्राला त्यांच्या भाषेत 'गेट' म्हणतात. पत्र त्याच बाईच्या नावाने, तिच्यासाठीच लिहिलेले हवे, साक्षीदार हवेत, आणि ते तिच्या हाती पडले पाहिजे. पत्राचा गाभा काय, याचेही उत्तर तिथे आहे: तू आता कोणाशीही लग्न करायला मोकळी आहेस, हे वाक्य. नवऱ्याची तक्रार, बाईचा दोष, यांना त्यात जागा नाही. आपल्याकडच्या फारकती मी पाहिल्या आहेत. त्यांत निम्मा कागद बाईच्या चारित्र्यावर खर्च झालेला असतो.

पण सोडायचे कशासाठी? यावर शम्माई आणि हिल्लेल यांच्या पंथांत वाद झाला. शम्माईचा पंथ म्हणे, व्यभिचारासारखे कारण असेल तरच. हिल्लेलचा पंथ म्हणे, स्वयंपाक बिघडवला तरी पुरे. अकिबा तर म्हणाला, दुसरी अधिक सुंदर दिसली तरी चालेल. येशूला परूशांनी जो प्रश्न विचारला तो याच वादातला. त्याचे उत्तर या सर्वांहून कडक होते. मोशेने ही सूट दिली ती तुमच्या कठोर अंतःकरणामुळे, मुळात देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, असे तो म्हणाला. मत्तयाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराचा अपवाद आहे, मार्काच्या शुभवर्तमानात तोही नाही. स्वयंपाक बिघडला म्हणून बाईला रस्त्यावर काढणाऱ्यांना दिलेले हे उत्तर आहे, असे मी वाचतो. पुढे त्याच उत्तराने मारकुट्या नवऱ्याच्या बायकोलाही घरात कोंडले.

आपल्या ख्रिस्ती बहिणींना याची झळ फार काळ लागली. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागासारखे दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही अट घटनाबाह्य ठरवली आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. एकशेबत्तीस वर्षे!

यहुदी कायद्यातही किल्ली नवऱ्याच्याच हाती राहिली. गेट तोच देतो, बायको देऊ शकत नाही. इसवी सन १००० च्या सुमारास युरोपातल्या रब्बी गेर्शोम यांच्या नावे असा दंडक आला, की बायकोच्या इच्छेविरुद्ध तिला गेट देता येणार नाही. पण नवरा गेट देतच नसेल तर? अशा बाईला 'अगुना' म्हणतात, म्हणजे बांधून ठेवलेली. इस्राएलमध्ये १९९५ च्या कायद्याने असा अडवणूक करणारा नवरा वाहनपरवाना गमावू शकतो, तुरुंगातही जाऊ शकतो. तरी शेवटी गेट त्यानेच द्यायचे.

हे सर्व दूरदेशीचे वाटेल. पण नाणेघाट उतरून कोकणात गेले, की अलिबाग-पेणकडे बेने इस्राएलांची जुनी गावे लागतात. तेल गाळणारी, मराठी बोलणारी ही माणसे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ जण इस्राएलला गेले, आणि तिथे लग्नाला उभे राहिले तेव्हा अडले. तिथल्या धर्मपीठाची शंका अशी: या लोकांत शतकानुशतके रब्बी नव्हते, त्यांना गेटचे शास्त्र माहीत नव्हते. मग त्यांच्या एखाद्या आजी-पणजीने गेटशिवाय दुसरे लग्न केले असेल, तर शास्त्राने ती पहिल्याचीच बायको राहते आणि दुसऱ्यापासूनची संतती 'मामझेर' ठरते. मामझेराला दहाव्या पिढीपर्यंत समाजात लग्न नाही. १९६२ साली धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्राएल वधूवरांची वंशावळ जाता येईल तितकी मागे तपासावी.

आपल्या वाचकाला यात वेगळे काही सांगायला नको. माणूस समोर उभा आहे आणि पणजीची चौकशी चालली आहे! बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेत चर्चा झाली आणि त्यानंतर आदेशातून त्यांच्या जमातीचे नाव वगळले गेले. पण याच बेने इस्राएलांनी कोकणात आपल्यातच 'गोरा' आणि 'काळा' असा भेद पाळला होता आणि काळ्यांशी सोयरीक टाळली होती, हेही लिहिले पाहिजे. बाईला मोकळी करण्यासाठी जन्मलेला कागद कुळाची शुद्धता मोजायचे माप कसा होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या बाईकडे येतो. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनी दाखवून दिले होते, की शूद्र म्हटल्या गेलेल्या जातींत, म्हणजे हिंदूंच्या फार मोठ्या संख्येत, घटस्फोटाची रूढी आहेच. मूठभरांचा नियम सर्वांवर लादायचे कारण नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला, त्यात बौद्धही आले, आणि कलम २९ ने रूढीचा घटस्फोट राखून ठेवला. परंतु कलम २ च्या पोटकलमाने अनुसूचित जमाती बाहेर ठेवल्या. त्यामुळे शेजारच्या बौद्ध वस्तीतली बाई या कायद्याने घटस्फोट मागू शकते, महादेव कोळी बाई नाही. तिच्यासाठी रूढीच कायदा. २००१ साली एका उरांव पत्नीने संथाळ नवऱ्यावर द्विभार्या प्रतिबंधाचा खटला लावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, दुसरे लग्न रद्दबातल ठरवणारी जमातीची रूढी आधी दाखवा. ती हरली.

पोटगीचे मात्र तसे नाही. पूर्वीचे फौजदारी संहितेचे कलम १२५, आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतले कलम १४४, सर्व धर्मांच्या आणि जमातींच्या बायकांना लागू आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही. कार्यकर्त्यांनी हे आधी सांगावे. माझ्याकडून ते उशिरा सांगितले गेले.

पुढे घोडेगावला आम्ही नवऱ्याला आणि जमातीच्या चार वडीलधाऱ्यांना बसवले. स्टँपपेपरवर काय लिहायचे यावर दोन तास गेले. 'ती स्वखुशीने नांदायला नाही म्हणाली' असे वाक्य त्याला हवे होते. आम्ही ते येऊ दिले नाही. काडीमोडीची रूढी जमातीत आहे, हे वडीलधाऱ्यांनी सहीने लिहून दिले; उद्या कोर्टात रूढी सिद्ध करायची वेळ आली तर तेवढा आधार. आणि मी आग्रहाने एक ओळ घालून घेतली, की आजपासून ही कोणाशीही लग्न करायला मोकळी आहे. एक म्हातारा हसला, म्हणाला, "गुरुजी, हे कशाला? तिला कुठं करायचंय?"

ती दाराशी बसली होती. म्हणाली, "असू द्या लिहिलेलं."

भाऊ कागद घडी करून खिशात घालू लागला, तेव्हा तिने हात पुढे केला आणि तो मागून घेतला.