हरण्याचेही माप असते

गव्हर्नर म्हटले की मराठी वाचकाला मलबार हिल, शपथविधी आणि अधिवेशनातले अभिभाषण आठवते. अमेरिकेतला गव्हर्नर तसा नेमलेला नसतो. तो राज्याचा खरा कारभारी, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. मात्र त्याला आमदार निवडत नाहीत, राज्यातले सगळे मतदार थेट निवडतात. येत्या ३ नोव्हेंबरला अशा ३६ राज्यांत गव्हर्नरपदासाठी मतदान आहे. त्या रात्री पडद्यावर लाल-निळे नकाशे झळकतील आणि निम्मीही मोजणी झालेली नसताना जाणकार निकाल सांगू लागतील. ते कशाच्या आधारावर बोलतात? कोणता प्रदेश कसे मत देतो यावरून संपूर्ण राज्याचा अंदाज कसा बांधला जातो, आणि तो कुठे फसतो? या लेखात मी ते एका राज्याच्या आधाराने मांडणार आहे. ते राज्य व्हर्जिनिया. मी तिथल्या लाउडन काउंटीत राहतो आणि तिथेच मत देतो, त्यामुळे नकाशावरचे रंग मला माणसांसकट ठाऊक आहेत.

आधी निवडणुकीची पद्धत नीट समजून घेऊ. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा. एखाद्या मतदारसंघात उमेदवार ८० हजारांनी निवडून आला काय किंवा ८०० मतांनी काय, पक्षाच्या खात्यात जागा एकच. जास्तीच्या मतांना पुढे किंमत नाही. याउलट थेट निवडल्या जाणाऱ्या नगराध्यक्षाचे गणित आठवा. तिथे गाव हाच एक मतदारसंघ. उमेदवार स्वतःच्या पेठेत किती मतांनी पुढे राहिला याला जेवढे महत्त्व, तेवढेच विरोधकाच्या पेठेत तो किती मतांनी मागे पडला यालाही. गव्हर्नरची निवडणूक ही या दुसऱ्या जातीची आहे. अध्यक्षीय निवडणुकीतले राज्यनिहाय प्रतिनिधींचे त्रांगडेही तिथे नाही. सगळी मते एका ढिगात पडतात. म्हणून अमुक प्रदेश कोण जिंकणार हा प्रश्न जवळजवळ निरर्थक ठरतो. खरा प्रश्न असा, की हरणारा तिथे किती फरकाने हरणार?

व्हर्जिनियात ९५ काउंट्या आणि काउंटीबाहेर स्वतंत्र कारभार असलेली ३८ शहरे आहेत. एकूण १३३ घटक, पण स्वभावाने त्यांचे चार-पाच गट पडतात. उत्तरेला वॉशिंग्टनला खेटून असलेली फेअरफॅक्स, लाउडन, प्रिन्स विल्यम ही उपनगरी वस्ती: सरकारी नोकर, संगणक अभियंते, स्थलांतरित. मध्यभागी राजधानी रिचमंड आणि तिच्याभोवतीची हेन्रायको व चेस्टरफील्ड ही उपनगरे. आग्नेयेला समुद्रकाठी नॉरफोकचा नौदल तळ आणि व्हर्जिनिया बीच. दक्षिणेला जुना तंबाखूचा पट्टा. पश्चिमेला शेनँडोआ खोरे, आणि नैर्ऋत्येच्या टोकाला ॲपलेशियन डोंगरातल्या कोळसा खाणींचा मुलूख. उत्तरेत डेमोक्रॅट, डोंगरात रिपब्लिकन, आणि रिचमंडची उपनगरे व समुद्रकाठ दोलायमान, असे आजचे ढोबळ चित्र आहे.

हे चित्र मात्र सनातन नाही. नैर्ऋत्येतल्या ब्युकॅनन या खाणींच्या काउंटीने २००० साली डेमोक्रॅट अल गोर यांना कौल दिला होता. खाण कामगारांच्या संघटना तेव्हा अजून बऱ्यापैकी जाग्या होत्या. २०२१ मध्ये त्याच काउंटीत रिपब्लिकन उमेदवाराला ८० टक्क्यांहून अधिक मते पडली. उलट आमच्या लाउडनने २००४ मध्ये जॉर्ज बुश यांना स्पष्ट बहुमत दिले होते आणि आज ती डेमोक्रॅट पक्षाची हक्काची जागा समजली जाते. खाणी आणि संघटना ओसरल्या, इकडे शेतजमिनीवर वसाहती उभ्या राहिल्या. प्रदेशाचा कल हा मातीचा गुण नसतो. तिथे कोण राहते आणि कशावर जगते याचा तो हिशेब असतो, आणि दहा-पंधरा वर्षांत तो पालटू शकतो.

आता अंदाजाची मुख्य युक्ती. तिला कागद-पेन्सिल पुरते. मागच्या निवडणुकीत एखादी काउंटी संपूर्ण राज्याच्या तुलनेत किती डावी-उजवी होती, ते काढायचे. २०२० मध्ये जो बायडेन यांनी व्हर्जिनिया १० टक्क्यांच्या फरकाने जिंकले. लाउडनमध्ये त्यांची आघाडी सुमारे २५ टक्के होती, म्हणजे लाउडन राज्यापेक्षा १५ टक्क्यांनी डेमोक्रॅटांकडे झुकलेली. याच हिशेबाने फेअरफॅक्स (आघाडी ४२) राज्यापेक्षा ३२ टक्क्यांनी डेमोक्रॅटांकडे, तर व्हर्जिनिया बीच (आघाडी ५) राज्यापेक्षा ५ टक्क्यांनी रिपब्लिकनांकडे झुकलेले होते. याचा व्यवहारी अर्थ असा: राज्यात अटीतटीची बरोबरी व्हायची असेल, तर डेमोक्रॅट उमेदवाराला लाउडन १५ आणि फेअरफॅक्स ३२ टक्क्यांनी जिंकावेच लागेल, आणि व्हर्जिनिया बीचमध्ये तो ५ टक्क्यांनी हरला तरी चालेल.

२०२१ च्या गव्हर्नर निवडणुकीत हे माप लावून पाहू. डेमोक्रॅट टेरी मॅकऑलिफ यांनी लाउडन सुमारे ११ टक्क्यांनी जिंकली, हवे होते १५. म्हणजे राज्यात ते ४ टक्क्यांनी मागे असावेत. फेअरफॅक्स सुमारे ३० टक्क्यांनी जिंकली, हवे होते ३२. म्हणजे २ टक्क्यांनी मागे. व्हर्जिनिया बीच ते सुमारे ८ टक्क्यांनी हरले, परवडणारे होते ५. म्हणजे ३ टक्क्यांनी मागे. तीन काउंट्या-शहरांची सरासरी काढली तर पराभव ३ टक्क्यांचा. प्रत्यक्षात रिपब्लिकन ग्लेन यंगकिन २ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ६४ हजार मतांनी निवडून आले. नकाशावर फेअरफॅक्स आणि लाउडन निळ्याच होत्या, पण निळा रंग पाहून ज्यांनी समाधान मानले त्यांना पराभव दिसला नाही. एकट्या लाउडनमध्ये डेमोक्रॅटांचे मताधिक्य सुमारे ५६ हजारांवरून सुमारे १८ हजारांवर आले होते. करोनाकाळात बंद राहिलेल्या शाळा आणि त्यानंतर अभ्यासक्रमावरून पेटलेला वाद हे तिथले प्रचाराचे मुद्दे होते.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. परस्परांपासून दूर असलेले तीन प्रदेश साधारण सारख्याच मापाने सरकले: १४, १२ आणि १३ टक्के. मोसमी पाऊस कमी झाला तर तो एकाच तालुक्यात होत नाही. राजकीय हवाही बहुधा एकदम बदलते. त्यामुळे एका प्रदेशात अंदाज चुकला, तर तशाच दुसऱ्या प्रदेशातही तो त्याच दिशेने चुकण्याची शक्यता मोठी. दहा प्रदेशांतल्या दहा चुका एकमेकींना खोडून काढतील, ही आशा फोल असते.

ही हवा कुठून येते? व्हर्जिनियात गव्हर्नरची निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी होते, आणि लागोपाठ दुसरी मुदत गव्हर्नरला राज्यघटनेनेच नाकारली आहे. त्यामुळे विद्यमान गव्हर्नर रिंगणात नसतो आणि मतदाराचा राग-लोभ थेट वॉशिंग्टनकडे वळतो. १९७७ पासून २०२५ पर्यंतच्या १३ निवडणुकांपैकी १२ वेळा, ज्या पक्षाचा अध्यक्ष व्हाइट हाउसमध्ये होता तो पक्ष इथे हरला. अपवाद एकच, २०१३ मधले हेच मॅकऑलिफ. २०२५ मध्ये केंद्रातल्या नोकरकपातीने आणि ऑक्टोबरात सुरू झालेल्या सरकारी टाळेबंदीने उत्तर व्हर्जिनियातली असंख्य घरे धास्तावलेली होती. डेमोक्रॅट ॲबिगेल स्पॅनबर्गर सुमारे १५ टक्क्यांच्या फरकाने निवडून आल्या आणि राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या.

इथवरचे माप टक्क्यांचे झाले. टक्के कशाचे, हा पुढचा प्रश्न. २०२० मध्ये राज्यात सुमारे ४४.६ लाख लोकांनी मत दिले, २०२१ मध्ये ३२.९ लाख. जवळपास १२ लाख माणसे वर्षभरात घरी बसली. पण दोन्हीकडची सारख्या प्रमाणात बसली नाहीत. बायडेन यांच्या २४.१ लाख मतांसमोर मॅकऑलिफ यांना १६ लाख मिळाली, म्हणजे दोनतृतीयांश. ट्रम्प यांच्या १९.६ लाखांसमोर यंगकिन यांना १६.६ लाख, म्हणजे ८५ टक्के. हे अंतर केवळ घरी बसण्याचे नाही, काहींनी बाजूही बदलली असणार. तरी एक मौज अशी, की २०१७ मध्ये सहज जिंकलेल्या राल्फ नॉर्थम यांना १४.१ लाख मते होती. मॅकऑलिफ त्यांच्यापेक्षा जवळपास दोन लाख मते जास्त घेऊन हरले. स्वतःच्या बालेकिल्ल्यातली वाढ पाहून खूश होणाऱ्या प्रत्येक पक्षकार्यकर्त्याने हा आकडा भिंतीवर लावावा. समोरच्याच्या मुलखातही रांगा लागल्या होत्या.

मग सरळ जनमत चाचण्यांवरच विसंबून का राहू नये? व्हर्जिनियाच्याच इतिहासात त्याचे उत्तर आहे. १९८९ मध्ये डग्लस वाइल्डर हे गुलामगिरीत जन्मलेल्या माणसांचे नातू गव्हर्नरपदासाठी उभे होते. निवडून आले तर अमेरिकेतले लोकांनी निवडलेले ते पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर ठरणार होते. शेवटच्या चाचण्यांत त्यांची आघाडी भरघोस होती, मतदान केंद्राबाहेरच्या पाहणीतही होती. प्रत्यक्षात सुमारे १८ लाख मतांत ते सात हजारांहूनही कमी मतांनी निवडून आले. काही गोऱ्या मतदारांनी विचारणाऱ्याला एक सांगितले आणि पडद्याआड दुसरेच केले, असा अर्थ तेव्हा लावला गेला. माणूस विचारणाऱ्याचे मन राखतो. मोजलेल्या मतांना तसे करता येत नाही. प्रदेशवार माप मोजलेल्या मतांवर उभे असते, हे त्याचे बळ.

पण हे मापही दरवेळी घासून पाहावे लागते. लाउडन २०२० मध्ये राज्यापेक्षा १५ टक्क्यांनी डेमोक्रॅटांकडे झुकलेली होती. २०२१ मध्ये हा झुकाव १३ वर आला. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी राज्य सुमारे ६ टक्क्यांनी आणि लाउडन सुमारे १६ टक्क्यांनी जिंकली, म्हणजे झुकाव १०. काउंटी निळीच राहिली, तिचे वेगळेपण मात्र कमी होत गेले. २०२० चीच पट्टी २०२४ ला लावली असती, तर तिने राज्याचा निकाल पाच टक्क्यांनी चुकवला असता.

आमच्या काउंटीत दर पाच माणसांमागे एकाहून अधिक आशियाई वंशाचा आहे आणि त्यांत भारतीयांचा भरणा मोठा. गणेशोत्सवाच्या मांडवात निवडणुकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘इथला निकाल ठरलेला आहे, आपल्या एका मताने काय होणार?’ डोंगरातल्या डेमोक्रॅटालाही नेमके हेच वाटत असणार. अध्यक्षीय निवडणुकीत एकतर्फी राज्यातल्या मतदाराने असे म्हटले तर त्याला निदान आधार आहे. गव्हर्नरच्या निवडणुकीत तो नाही. काउंटीचा निकाल ठरलेला असतो, फरक ठरलेला नसतो, आणि राज्य फरकांच्या बेरजेवर ठरते. मार्क वॉर्नर यांना हे २००१ मध्ये उमगले होते. हे उत्तर व्हर्जिनियातले श्रीमंत दूरसंचार उद्योजक, पण डेमोक्रॅटांनी सोडून दिल्यासारख्या नैर्ऋत्येत ते ठाण मांडून बसले. डोंगरी चालीवरचे प्रचारगीत केले, शर्यतीच्या गाडीवर नाव झळकवले, गावोगावच्या बंद कारखान्यांबद्दल बोलले. तो मुलूख त्यांनी एकतर्फी जाऊ दिला नाही आणि राज्य ५ टक्क्यांनी जिंकले. जिथे उमेदवाराला थोडे कमी हरण्यासाठीही जावे लागते, तिथल्या माणसांची गाऱ्हाणी निदान ऐकली तरी जातात.

३ नोव्हेंबरच्या रात्री एखाद्या राज्याचा निकाल पाहाल तेव्हा नकाशाचा रंग क्षणभर विसरा. दोन बालेकिल्ले आणि एक दोलायमान उपनगर निवडा. मागच्या वेळी ते राज्यापेक्षा किती झुकले होते, ते कागदाच्या कडेला लिहून ठेवा. तिथली मोजणी पुरी होऊ द्या, कारण टपालाची आणि आगाऊ मते कधी आधी तर कधी शेवटी मोजली जातात आणि अर्धवट आकडा हमखास चकवतो. मग वजाबाकी करा, आणि एकूण मतदान किती झाले तेही पाहा. पडद्यावरच्या जाणकारांजवळ संगणक मोठे असतात, पण मूळ हिशेब हाच.