मोरीतून शेगडीकडे

पावसाळ्यात माळशेज घाटात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, शहापूर-मुरबाडच्या माळावर फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभी राहिली, तेव्हा जवळच्या पाड्यांवरच्या मुलांना तिथे काम मिळालं. भांडी घासायचं, चादरी बदलायचं, गवत काढायचं. शेगडीपाशी आणि काउंटरवर माणसं बाहेरची. गेल्या पंधरा-सोळा वर्षांचा हिशेब मांडताना ही सुरुवात मला विसरता येत नाही.

2009-10 मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने ‘हुनर से रोजगार तक’ सुरू केलं. आठवी पास मुलामुलींना सहा-आठ आठवड्यांत स्वयंपाकाचं, वाढपाचं शिक्षण. फी नाही, वर विद्यावेतन. 2014 मध्ये ग्रामीण तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली, तिच्यातही हॉटेलचं काम शिकता येऊ लागलं. आश्रमशाळेतून बाहेर पडलेल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी पोरांसाठी हे मोठंच होतं.

पण पावसाळ्यात भाताची आवणी असते. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं बिऱ्हाडासकट वीटभट्टीवर निघतात, आणि कोर्स अर्धा राहतो. जातीच्या दाखल्याला लागणाऱ्या जुन्या नोंदी घरात नसतात. संध्याकाळची पाळी सुटल्यावर कसारा लोकल मिळाली, तरी आसनगावला उतरून पाड्यावर जायला काही नाही. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. अशात एखादी मुलगी महिन्याभरात नोकरी सोडून परतली, की ‘ही पोरं टिकतच नाहीत’ असं सगळे म्हणत. हे बोलणं अन्यायाचं आहे. टिकायला कामाजवळ खोली लागते, पहिला पगार होईपर्यंत खानावळीचे पैसे लागतात.

एका प्रशिक्षणाच्या भटारखान्यात ठाकूरवाडीची मुलगी पाहिली होती. सूप वाढताना तिचा हात थरथरायचा. पहिल्या पावसात कुणीतरी शेवळं या रानभाजीच्या जुड्या आणल्या. शिकवणारे शेफ नुसते बघत राहिले. तिने तळहाताला तेल चोळलं, वरची पानं सोलली, आतला पिवळा भाग काढून टाकला, काकडं ठेचून त्यांचा रस घातला. भाजी सगळ्यांनी खाल्ली, कुणाचा घसा खवखवला नाही. शेफ शेजारी उभे राहून तिला विचारत होते, आणि ती न अडखळता सांगत होती.

शहापूर-मुरबाडच्या रिसॉर्टवाल्यांकडे माझं एकच मागणं आहे: येत्या पावसाळ्यात पाड्यावरच्या एका तरी मुलीला मोरीतून शेगडीपाशी आणा, आणि तिला राहायला खोली द्या.